उजवीकडची रिकामी खुर्ची

गुजरातेतल्या पाटणच्या म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासण्याचं आमचं संशोधन चालू होतं. नियम साधा होता. माणसाला एकटं बसवायचं, पाच शब्द ऐकवायचे आणि पाच मिनिटांनी विचारायचे.

पटोला साड्या विणणारे जेसंगकाका आले. शब्द होते हत्ती, दिवा, विहीर, आंबा, ढग.

"हत्ती," ते म्हणाले आणि उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबले. बऱ्याच वेळानं "विहीर" म्हणाले आणि पुन्हा खुर्चीकडे वळले.

मग त्यांचा धाकटा भाऊ नटुभाई आला. तो आधी डावीकडेच बघत बसला.

"तिकडे भिंत आहे, नटुकाका!" मी वैतागले.

"तीच तर पंचाईत आहे, बेन," तो म्हणाला. मग कसंबसं "दिवा" निघालं.

दोघांच्याही कागदावर मी 'स्मृतिभ्रंश' लिहून टाकलं. बाहेर ओट्यावर चहा पिताना मात्र दोघांनी शेजारी बसून पाचही शब्द आळीपाळीनं घडाघडा म्हटले. मी चिडून नवे दहा दिले. तेही आले.

खोदून विचारलं तेव्हा कळलं. पन्नास वर्षं हे दोघं एकाच मागावर बसलेले, मोठा डावीकडे, धाकटा उजवीकडे. पटोला एकट्यानं विणताच येत नाही. पण माझ्या फॉर्मवर जागा एकाच नावाची.

"मग तुमच्यातला आजारी कोण, काका?"

जेसंगकाका हसले. "सध्या कुणीच नाही, बेन. आमच्यातला एक गेला की ये. जो उरेल, त्याचं नाव लिही."