डाव्या अंगाची फेरी

मी डावरी बोलतेय. हे नाव मुकादमानं चेष्टेत ठेवलं आणि अंगाला चिकटलं. पण चेष्टेतलं नाव कधी कधी खरं बोलतं.

दगडाच्या खाणीच्या काठाला, एका मोडक्या पत्र्याखाली माझ्या आईनं आम्हा पाच जणांना जन्म दिला. चार भावंडं कुठूनही यायची, कशीही वळायची. मी मात्र पायांवर उभी राहिले ती डावीकडेच वळत. हाडूक धरायचं ते डाव्या पंजाखाली. निजायच्या आधी गोल फिरायचं ते डाव्या अंगानं. दगड आडवा आला तर वळसाही डावीकडूनच. कोणी शिकवलं नाही. तुमच्यातल्या एखादीच्या डाव्या हातात आपसूक सुई येते ना, तसंच.

आणखी एक खोड होती. पोट मोकळं करायला बसले की माझं तोंड उत्तरेला तरी व्हायचं, नाहीतर दक्षिणेला. खडी फोडणाऱ्या बायका हातोड्या टाकून हसायच्या. "बघा गं, डावरीनं दिशा लावली." मला कितीही लांब नेऊन सोडा, मी दोरी ताणल्यासारखी सरळ घरी यायचे. वाट नव्हती लागत मला, दिशा पुरायची.

या खोडीपायीच निशाणकाकानं मला उचललं. सगळे त्याला निशाणकाका म्हणायचे. माझ्या लेखी तो माझा म्हातारा. त्याचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

रोज दुपारी खाणीत सुरुंगाचा बार उडायचा. त्याआधी शिट्टी व्हायची, खालची माणसं वर यायची. मग म्हाताऱ्यानं काठानं एक पुरती फेरी मारायची, खाली कोणी राहिलं नाही ना ते बघायचं आणि तांबडं निशाण उचलायचं. निशाण वर गेलं की बारवाला कळ दाबायचा. काम एवढंच, पण सगळ्यांचे जीव त्या फडक्याला बांधलेले.

आणि माझ्या म्हाताऱ्याला दिसत नव्हतं.

जन्मभर दगडाची भुकटी डोळ्यांत गेली, त्यातच नजर हळूहळू विझली. काम गेलं तर काठावरची खोली जाणार, म्हणून त्यानं ब्र काढला नाही. लेक त्याच्याजवळच राहायची, खाली खडी फोडायची. तिलाही वाटायचं, बाबांची नजर वयामुळं जरा अधू झालीय. खरं फक्त मला ठाऊक होतं. फेरीआधी रोज तो माझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणायचा, "डावरे, सांभाळ गं." मग कामाला निघायचा.

आमची रीत ठरून गेली. खोलीपासून मी डावीकडे वळायचे. खाण माझ्या उजव्या अंगाला, माझी दोरी धरून म्हातारा माझ्या डाव्या अंगाला, दोघांच्या मध्ये मी भिंतीसारखी. खाली माणसाचा वास आला की मी दोनदा भुंकायचे आणि तो थांबायचा. दोन वर्षं असं चाललं. लोक म्हणायचे, काका डोळ्यांत तेल घालून फेरी मारतात. तो हसायचा. मला मात्र हसू यायचं नाही.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. त्या दोन वर्षांत एक दिवस वारा उलटा होता. खालचा वास वर येईना. मला कळेना, कोणी आहे की नाही. भुंकू की नको, या घोळात मी गप्प राहिले. त्यानं निशाण उचललं. खाली कोणी नव्हतं, म्हणून आज मी हे धड सांगू शकतेय. पण त्या दिवसापासून कोणाचे तरी दिवस भरत आलेत, असं वाटत राहायचं.

मग एका मोठ्या बारानंतर डाव्या काठाला चीर गेली. मुकादमानं तिथं दगड आडवे रचले आणि सांगितलं, "काका, आजपासून फेरी उजवीकडून. अर्ध्यात जाऊन परत फिरायचं."

म्हातारा "बरं" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? उजवीकडून गेलं की खाण डाव्या अंगाला येणार. म्हातारा तर माझ्या डाव्या अंगालाच चालायचा. म्हणजे काठावर तो आणि आत मी. मुकादमाला हे दिसलं नाही, आणि म्हाताऱ्याला ते बोलता येईना.

त्या दुपारी शिट्टी झाली. माणसं वर आली. वर एक खुंट्यांची फळी होती. सकाळी प्रत्येकानं आपला डबा तिथं अडकवायचा आणि वर आल्यावर काढून घ्यायचा. खुंट्या रिकाम्या दिसल्या की मुकादम समजायचा, सगळे आले. त्या दिवशी फळीला मुंग्या लागल्या होत्या, म्हणून लेकीनं सकाळीच डबा खाली नेला होता. अंगात कणकण होती. खडीच्या ढिगाआड ती जरा टेकली आणि तिचा डोळा लागला.

"खुंट्या रिकाम्या आहेत," मुकादम म्हणाला. "आटपा काका."

आम्ही उजवीकडे निघालो. मी त्याच्या दुसऱ्या बाजूला जायला बघत होते, पण माझे पाय ऐकेनात. दहा पावलांवर त्याच्या टाचेखालचे खडे निसटले. खाली पडून त्यांचा आवाज यायला फार वेळ लागला. मी बसले ती बसलेच. दोरी ओढली तरी उठेना.

आणि खालून वास आला. घाम, ताप, आणि ओळखीचे केस. मी दोनदा भुंकले. पुन्हा दोनदा.

म्हाताऱ्यानं दोरी सैल सोडली. "मुकादम, खाली कोणीतरी आहे."

"खुंट्या बघितल्या मी. कुठं आहे?"

"आहे."

"अहो, दाखवा की. बोट करा."

म्हाताऱ्यानं निशाणाची काठी खाली रोखली. मी बघत होते. काठी रोखली होती ती पाण्याच्या डबक्याकडे. लेक होती दुसऱ्या टोकाला.

माणसं हसली. "काका, तिथं तुमचे मासे असतील. उचला निशाण, जेवायचंय."

बारवाला कळीवर हात ठेवून उभा होता. मी भुंकतच होते. मग म्हाताऱ्यानं निशाण काठीला गुंडाळलं आणि खाली ठेवलं.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

कोणी हसलं नाही. मुकादम स्वतः खाली उतरला आणि लेकीला दंडाला धरून वर घेऊन आला. तिच्या गालावर खडीचे ठसे उमटले होते.

तुम्हाला वाटेल, म्हाताऱ्याचे पाय धरले असतील लोकांनी. मुकादम एवढंच म्हणाला, "दोन वर्षं आमचे जीव टांगणीला लावलेत तुम्ही." खोटं नव्हतं ते. लेक तीन दिवस बापाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी पाणी देताना म्हणाली, "बाबा, कोणाच्या भरवशावर हलवत होता ते फडकं?" त्यानं माझ्याकडे, म्हणजे मी असेन अशा बाजूला, हात केला. ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत माया होती की भीती, मला अजून उमगलेलं नाही.

खोली गेली. आता आम्ही गावाच्या टोकाला, एका जिन्याखालच्या जागेत राहतो. म्हातारा दिवसभर बाजेवर. माझे मागचे पाय वाकले, तोंड पांढरं झालं. पण लेक त्याच खाणीत जाते. दुसरं काम कुठं आहे तिला?

तिथं आता नवा निशाणवाला आहे. तरणाबांड, नजर घारीसारखी. लेक सांगते, तो फेरी मारत नाही. सावलीत खाणीला पाठ करून उभा राहतो, फळीवर एक नजर टाकतो आणि निशाण उचलतो. आम्हाला निदान ठाऊक होतं की आम्हाला दिसत नाही.

तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलात तर त्याला म्हणावं, बाबा, एकदा काठानं फिरून ये. डावीकडून, उजवीकडून, कसाही.

दुपार झाली की मी उठते आणि खाणीकडे तोंड करून उभी राहते. मधे किती भिंती आहेत, पण दिशा चुकत नाही. शिट्टी ऐकू येते. मग बार होतो आणि जिन्याची धूळ माझ्या पाठीवर पडते. म्हातारा बाजेवरून विचारतो, "डावरे, झालं का गं?"

मी बसत नाही. संध्याकाळी दारात लेकीची पावलं वाजेपर्यंत मी बसत नाही.