पाटीतलं रक्त

मी सातवीला आरोग्यशास्त्र शिकवायचो. फळ्यावर आतडं इतकं सुबक काढायचो की पोरं ते पुसू द्यायची नाहीत. आणि माझ्या स्वतःच्या आतड्यातून चार महिने रक्त जात होतं, हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काय!

१९७४ सालची गोष्ट. मुख्याध्यापकपदासाठी माझं नाव पुढे होतं, निर्णय मे महिन्यात व्हायचा होता. त्या काळजीनं पोटात मुरडा यायचा आणि दिवसातून आठ-आठ वेळा पळावं लागायचं. आजारी मास्तराला ती खुर्ची कोण देणार? म्हणून मी तोंड मिटून ताकभात खात होतो.

आमच्या गल्लीत तेव्हा पाटीचे संडास होते, भोकाखाली मैल्याची पाटी ठेवलेली. मागच्या बोळातून केराबाई रोज सकाळी पाटी काढून न्यायची. माझं दुखणं तिला रोज दिसत असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाटी आपोआप रिकामी होते, असंच आम्ही सगळे वागायचो.

एका सकाळी ती मागच्या दाराशी थांबली.

"मास्तर, तुमच्या घरात कुणाला तरी रक्त पडतंय. लई दिस झाले. अंगावर काढू नगा, दवाखान्यात जावा की."

शेजारची ईरम्मा नळावर घागर भरत होती. तिनं मान वर केली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तोंड सांभाळून बोल!" मी ओरडलो. तेवढ्यावर भागलं नाही. त्याच दिवशी नगरपालिकेच्या सफाई मुकादमाकडे लेखी तक्रार दिली, की ही बाई उद्धट आहे, अचकटविचकट बोलते. मास्तरांचं वळणदार अक्षर, शंका कोण घेणार? मुकादमानं तिला घरी बसवलं.

त्यानंतर माझं दुखणं दुप्पट झालं. शेवटी माझ्या बायकोनं, हेमावतीनं, मला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी घालून तपासलं. आतड्याच्या अस्तराला सूज होती, जखमा होत्या.

"काळजीनं होतं का हे?" मी विचारलं.

"नुसत्या काळजीनं नाही, पण काळजीनं वाढतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले राखणदार. ते चवताळले की आपल्याच अस्तराला झोडपतात. अस्तर जुन्या चादरीसारखं विरतं, नको ते आत झिरपतं, आणि ते पाहून आणखी पेशी धावून येतात. मन जळत असलं की हे जास्त होतं, असं आम्हाला वाटतं. नेमकं कसं, ते अजून कुणाला पुरतं कळलेलं नाही. काही मनाला लागलंय का?"

"शाळेचं," मी म्हणालो.

"आणि रक्त पडतंय हे लक्षात कुणाच्या आलं?"

"माझ्याच."

हेमावती माझ्याकडे बघत राहिली. तिला ईरम्मानं केव्हाच सगळं सांगितलं होतं. मला इतकी शरम आजवर वाटली नव्हती.

औषधानं उतार पडला तसा मी केराबाईच्या घरी गेलो. ती उंबऱ्यात ज्वारी निवडत बसली होती. उठली नाही.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"मला सांगून काय उपेग? मुकादमाला सांगा. मी काय बोलले हुते, ते जसंच्या तसं सांगा."

ती माझ्या मागोमाग आली. मुकादमाच्या खोलीत नेमके आमच्या शाळेचे चिटणीस बसले होते, गटार तुंबल्याचं सांगायला आलेले. मुख्याध्यापक कोण, हे त्यांच्याच हातात होतं.

"तक्रार मागं घेताय? का हो मास्तर?" मुकादमानं विचारलं. "काय बोलली हुती ती?"

'गैरसमज झाला' एवढं म्हणून सुटता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण केराबाई दारात उभी होती.

"मला संडासातून रक्त पडत होतं," मी म्हणालो. "हिनं ते पाहिलं आणि दवाखान्यात जा म्हणाली. बाकी काही नाही. खोटं मी लिहिलं."

चिटणिसांनी खुर्ची जरा मागे सरकवली. मुकादम हसला. माझे कान तापले. खुर्ची गेली, हे कळलंच. मी केराबाईकडे पाहिलं. निदान तिला तरी बरं वाटलं असेल, अशी आशा होती. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"सायब," ती मुकादमाला म्हणाली, "मग उद्यापासनं पाटी उचलाया येऊ का?"