एकच जोड

"सोड. तोंडातलं सोड म्हणतो ना."

खंड्यानं सोडलं नाही. ओढाताण हा खेळच आहे असं समजून त्या तीन महिन्यांच्या पिल्लानं पुढचे पाय मातीत रोवले आणि शेपूट हलवत मागं जोर लावला. जानकूआबांच्या हातात सँडलचा पट्टा आला, टाच कुत्र्याकडं राहिली. सँडल सुनेची, मोहिनीची होती. भाच्याच्या लग्नासाठी म्हणून नवी आणलेली, आणि लग्न आजच होतं.

मोहिनी दारात उभी होती, नवी साडी नेसून, अनवाणी. सासऱ्यापुढं ती कधी आवाज चढवत नसे. आजही चढवला नाही.

"आबा, जमत नसंल तर तसं सांगा," ती म्हणाली. "आमी काय म्हणनार न्हाई."

त्यापेक्षा तिनं तोंड सोडलं असतं तर बरं झालं असतं, असं आबांना वाटलं.

आबांनी चाळीस वर्षं मेंढरांमागं काढली होती. दिवाळी झाली की नाणेघाट उतरून कोकणात, पावसाच्या तोंडावर पुन्हा वर. त्यांच्या कुत्र्यांचं चार गावांत नाव होतं. जानकूचं कुत्रं भाकरीपाशी झोपेल पण तोंड लावणार नाही, असं लोक बोलत. मग गुडघा गेला, मेंढरं विकली, आणि गेली दोन वर्षं आबा अंगणात खाटेवर बसून होते. झाडताना खाट सरकवावी लागे, तेवढ्यापुरती त्यांची घरात कुणाला आठवण होई. जेवायला मिळत होतं, औषध मिळत होतं. काम मात्र कुणी सांगत नव्हतं.

मग शेजारच्या उसात बिबट्या आला आणि अंगणातलं म्हातारं कुत्रं घेऊन गेला. घर मळ्यात एकटं. दत्तानं, त्यांच्या मुलानं, बेल्ह्याच्या बाजारातून हे पिल्लू आणलं आणि आबांच्या मांडीवर ठेवलं. "आबा, हे तुमचं खातं. घरात कशाला तोंड लावायचं न्हाई, एवढं शिकवा." दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणी काहीतरी करायला सांगितलं होतं. आबांनी त्याच दिवशी माळ्यावरून जुना खिळ्यांचा पट्टा काढला आणि तेल लावून ठेवला. पिल्लाची मान भरली की बिबट्यानं गळा धरू नये म्हणून तो लागणार होता.

आणि या कार्ट्यानं तीन आठवड्यांत घर खाल्लं. दत्ताच्या दोन चपला, नातीचे शाळेचे बूट, चार्जरची वायर, केरसुणी अर्धी. आबांनी चपलांना मिरची चोळली. त्यानं ती चाटली, बादलीभर पाणी प्यायलं आणि परत आला. कडुलिंबाचा पाला वाटून लावला, तर तो त्याला आवडलाच. बांधून ठेवलं तर असा गळा काढी, की नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो उतरवून पहाटे घरी आलेल्या दत्ताला डोळा लागत नसे. एकदा आबांनी केरसुणीनं एक फटका दिला. पिल्लू खाटेखाली जाऊन मुतलं आणि थरथरत बसलं. त्या दिवशी आबांनी ताटातली अर्धी भाकरी खाटेखाली सरकवली. शेवटी सगळ्या घरानं चपला भिंतीला खिळे ठोकून वर टांगल्या. आज मोहिनीनं घाईत सँडल तेवढी खाली काढून ठेवली होती.

दत्ता गाडी चालू करून आला. सँडल पाहिली, बापाकडं पाहिलं. "बाजाराच्या दिवशी देऊन टाकू कुणालातरी. तुमी बी दमला असाल, आबा."

"मी कशानं दमलो?" आबा म्हणाले.

सातवीतली नात प्रांजल मोबाइलमध्ये बघत होती. "आबा, यात सांगितलंय. पिल्लाला जुनी चप्पल चावायला कधीच द्यायची न्हाई. तुमी पहिल्याच दिवशी दिली व्हती ना?"

"दिली व्हती. दात शिवशिवत्यात त्याचे. आमी समद्या पिल्लांना द्यायचो."

"पन जुनी कुठली आन् नवी कुठली, हे त्याला कसं कळनार?"

ती सहज बोलली आणि गाडीत जाऊन बसली. मोहिनी सासूच्या वेळच्या जुन्या चपला घालून गेली.

आबा भिंतीकडं बघत बसले. अकरा जोड टांगलेले होते. घरात माणसं चार. आणि मग त्यांना ते कळलं, आणि स्वतःचाच असा राग आला की काठी आपटून त्यांनी पिल्लाला उगाच दचकवलं. मेंढरांच्या तळावर चपला होत्याच कुठं? माणसाला एकच जोड, तो दिवसभर पायात आणि रात्री उशाला. फाटला की पिल्लाला. भाकरीची टोपली झाडाला, घोंगडी अंगावर. खाली ठेवलेलं असं काही नव्हतंच. त्या कुत्र्यांनी कशाला तोंड लावलं नाही, कारण लावायला काही नव्हतं. शिवाय रोज सहा कोस चाल. आपण शिकवलं कधी? चाळीस वर्षं लोक नाव घेत होते आणि आपणही मान डोलावत होतो.

दुपारी त्यांनी पिल्लू काखेत घेतलं, खिळ्यांचा पट्टा खिशात कोंबला आणि लंगडत शेजारच्या बाळासाहेबांच्या वावराकडं निघाले. कांदा निघून रिकाम्या झालेल्या त्या वावरात खतासाठी धर्माजीची मेंढरं बसवली होती. धर्माजी त्यांचा जुना सोबती.

"जानकूच्या हातचं पिल्लू," धर्माजी खूश होऊन म्हणाला. "मंग काय बघायचं राव."

"माझ्या हातचं काय न्हाई त्यात. घरात दिसंल ते चावतंय. मला शिकवता आलं न्हाई."

धर्माजी हसला. "हितं काय चावंल? मी एक हाय, आन् माझ्या वहाणा पायात हायेत."

आबांना हसू आलं नाही. पिल्लू खाली सोडलं. ते कोकरांना हुंगत हुंगत गेलं, एका मेंढीची ढुशी खाऊन आपटलं, उठलं आणि पुन्हा आत घुसलं. आबांनी पट्टा धर्माजीच्या हातात दिला. "मान भरली की घाल. आतली बाजू मऊ केलीय."

"तू बी चल की. दोन मुक्काम."

"गुडघा न्हाई म्हनतोय."

आबा काठी टेकत माघारी फिरले. खंड्यानं मागं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी घरची माणसं परत आली. "पिल्लू कुठं हाय?" दत्तानं विचारलं.

आबांनी उत्तर मोहिनीकडं बघून दिलं. "धर्माजीला दिलं. मला जमत न्हाई."

मोहिनीनं भिंतीवरचे जोड एकेक करून खाली काढले आणि दारात मांडले. आबांचा जोड खाटेपाशी आणून ठेवला.

सकाळी आबा उठले. दोन्ही चपला जिथल्या तिथं, शेजारी शेजारी होत्या. त्यांनी त्या पायात घातल्या आणि खाटेवर बसून राहिले.