पांढरा दगड आणि मी, गळाची काठी

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. माझा शेंडा मोडलेला आहे, आणि मी पहिल्यापासून भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर शौर्याच्या गप्पा ऐकायला बसाल आणि मागाहून म्हणाल, ही तर नुसती थरथरते.

शरच्चंद्र चारकोपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. त्याला बोरिवलीच्या रद्दीवाल्याकडे एक परदेशी मासिक मिळालं. त्यातले लोक गांडूळ न लावता, पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकून मासे धरत होते. झालं, स्वारीने दोन दिवसांत मापासकट माझा आराखडा काढला. पण कागदावरच्या काठीने मासे मिळत नाहीत. मला खरी घडवली ती गुणाजीने. गुणाजी आधी गिरणीत होता, संपानंतर त्याच कारखान्यात लागला होता. त्याने गावाहून माणगा जातीचा भरीव बांबू आणला, तासला, तेल पाजून सुकवला. गिरणीतल्या रेशमी धाग्याचा दोर वळला आणि तो तरंगावा म्हणून त्याला मेण चोळलं. दोर गुंडाळायला गिरणीतलंच लाकडी बॉबिन लावलं. शेजारच्या कोंबड्याच्या पिसांच्या त्याने बारीक गळांवर माशा बांधल्या. तो कोंबडा पुढे गुणाजीला पाहिलं की पळत सुटायचा.

दर रविवारी हे दोघे मला घेऊन तबेल्यांच्या मागे, दहिसर नदीवर जायचे. पाऊस ओसरला की तिथलं पाणी नितळ व्हायचं. लोक बघून हसायचे, पण एकदा मी तीन मासे धरले तेव्हा गुणाजीने माझ्यावरून हात फिरवला होता. तरी मला नदीची भीती वाटायची. दोर पाण्यात पडला की नदीचं सगळं माझ्या अंगात येतं. ती कधी फिरेल, याचा नेम नसतो.

गुणाजीचा एक नियम होता. नदीवर गेल्या गेल्या तो पिशवीतून मुठीएवढा पांढरा दगड काढायचा आणि पाण्याच्या कडेपासून वीतभर वर ठेवायचा.

"दगड भिजलो की गळ गुंडाळायचो," तो शरच्चंद्रला बजावायचा. "हय ऊन असला म्हणान काय झाला? डोंगरात पडलेला पाणी हयच येता."

चौऱ्याऐंशी सालचा तो रविवार. गणपती नुकतेच गेले होते. लख्ख ऊन होतं, फक्त तुळशी तलावाकडचे डोंगर काळे दिसत होते. गुणाजी दगड ठेवून, साधा हातगळ घेऊन नदीच्या मधल्या खडकावर जाऊन बसला. शरच्चंद्र मला घेऊन काठावर राहिला. त्याने वर्तमानपत्रावर पिसांच्या माशा मांडल्या आणि तेवढ्यात वारा सुटला. कागद फडफडला की ड्राफ्ट्समनचा हात आपोआप वजन शोधतो. त्याने खाली न बघताच हात घातला, तो पांढरा दगड उचलला आणि चार हात वर, कागदावर ठेवून दिला.

मी पाहिलं, मित्रांनो. पण मला तोंड कुठे आहे?

थोड्या वेळाने दोराला ओढ लागली. पाण्याला मातीचा वास येऊ लागला. हिरवी पानं, काड्या, मळकट फेस वाहत आला. मी शेंड्यापासून मुठीपर्यंत थरथरले. "मासा लागला वाटतं," शरच्चंद्र म्हणाला. मधल्या खडकावरून गुणाजीने दोनदा वळून काठाकडे पाहिलं. दगड कोरडा होता. तो निवांत बसला.

तिसऱ्यांदा वळला तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं होतं.

तबेल्यातली शेवंती म्हशी हाकत आली होती. तिने गुणाजीला पाहिलं आणि हातातली काठी टाकून म्हशीचं लांबलचक दावं सोडून आणलं. "हे फेका त्याच्याकडे, साहेब." शरच्चंद्रने फेकलं. ते जड दावं अर्ध्यातच पडून वाहून जाऊ लागलं, तिने कसंबसं ओढून घेतलं.

"त्या काठीचा दोर जाईल ना तिथवर?" शेवंती म्हणाली.

 शरच्चंद्रचा नेम म्हणजे देवाचं नाव घ्या. दर रविवारी तो मला झाडात अडकवायचा. पहिली फेक बाभळीत गेली. दुसरी पाण्याने पळवली. गुणाजी आता कमरेएवढ्या पाण्यात खडकाला धरून होता. तिसऱ्यांदा मी होती नव्हती ती सगळी ताकद लावून वाकले आणि दोर सोडला. माशी त्याच्या सदऱ्याच्या बाहीत रुतली.

गुणाजीने दोर हाती धरला. शरच्चंद्रने बॉबिनवरचा सगळा दोर सोडून त्याच्या टोकाला दावं बांधलं. घाईत त्याचा पाय माझ्या शेंड्यावर पडला आणि मी मोडले. गुणाजीने दावं ओढून कमरेला बांधलं, आणि शरच्चंद्र-शेवंतीने त्याला बाहेर खेचलं.

गुणाजी काठावर बसून नदीकडे बघत होता. मग म्हणाला, "माझेच डोळे गेले रे. दगड माका सुकोच दिसलो."

शरच्चंद्रने तोंड उघडलं आणि परत मिटलं. कागद आवरताना त्याने तो दगड खिशात टाकला.

मी दोन वर्षं शरच्चंद्रच्या घरी माळ्यावर पडून होते. वाळवीची भीती होतीच, पण खालून जे कानावर यायचं त्याने जास्त धास्ती वाटायची. गुणाजी कारखान्यात एकेक माप चारदा तपासायचा. गावाला गेला तरी होडीत बसत नव्हता. आणि दगड शरच्चंद्रच्या टेबलावर, कागदांवर होता. गुणाजी येणार असला की दगड ड्रॉवरमध्ये जायचा.

परवा गुणाजी न सांगता आला. बसला, आणि दगड उचलला. शरच्चंद्रचा चेहरा पांढराफटक पडला.

"हो हय खयसून इलो?"

मग शरच्चंद्रने सगळं सांगितलं. वारा, कागद, सगळं.  मला वाटलं, आता ही मैत्री पण माझ्यासारखीच मोडणार.

गुणाजीने दगड हातात फिरवला. "दोन वर्सा, शरद," तो म्हणाला. "दोन वर्सा मी माझ्या डोळ्यांका शिव्या दिलंय." मग त्याने डोळे पुसले. "तरी म्हटलंय, नदी माका फसवतली कशी?"

त्याने मला माळ्यावरून काढायला लावलं. आता तो माझ्या शेंड्याला धागा गुंडाळतो आहे आणि शरच्चंद्र समोर मान खाली घालून दोराला मेण चोळतो आहे. रविवारी परत नदी. मला भीती वाटते आहे, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना जपा, मोडल्या तरी फेकू नका. पण दुसऱ्याने खुणेला ठेवलेला दगड कधी हलवू नका. आणि चुकून हललाच, तर त्याच दिवशी सांगा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.