शेळीने खाल्लेली सीट आणि मी

मित्रांनो, या वाळवंटात दोनच गोष्टी टिकतात. एक काळ आणि दुसरी मी!

यातली दुसरी अकरा वर्षे सौदी अरेबियातल्या हफ्र अल बातिनच्या भंगार बाजारात विटांवर उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर एक शेळी राहत होती. शेळी वागायला चांगली होती. तिने फक्त सीट खाल्ली.

मी एक जुनी अमेरिकन मोटारगाडी आहे. दोन दारे, लांबलचक नाक आणि आठ सिलिंडरचे इंजिन. तरुणपणी मी सिग्नलला नुसती गुरगुरले तरी शेजारच्या गाड्या आपोआप मागे सरत. पुढे मालक बदलले, पेट्रोल फार पिते म्हणून बोलणी बसली आणि एके दिवशी मला इथे आणून सोडले.

म्हणून हरिहरराव हातात मापाची टेप घेऊन आले तेव्हा मला पहिला संशय आला. हे मूळचे नाशिकचे, रास तनुराच्या रिफायनरीत इंजिनिअर. सोबत पत्नी चित्राताई. मला विकत घेण्याआधीच ते म्हणाले, “बाहेरून जुनी ठेवायची, आतून नवी करायची आणि विकायची.” मित्रांनो, स्थळ बघायला येऊन घटस्फोटाची तारीख ठरवणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का?

“आणि नाही विकली गेली तर?” चित्राताईंनी विचारले. “सप्टेंबरात तुमचा करार संपतोय. नावावर गाडी असली तर कायमचं जाऊ देत नाहीत इथून.”

“तर परत इथेच, भंगारात. आणखी काय?”

हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितले. त्या दिवसापासून मी कोणावरही विश्वास ठेवलेला नाही.

त्यांनी मला रास तनुराला घरी नेले आणि दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बाळाराम येऊ लागला. हा कोकणातला, कामगारांच्या कॅम्पात राहणारा, पत्र्याचे पोचे काढण्यात वाकबगार. तो माझ्या दारावर बोटाने टकटक करून कान लावायचा. मीही श्वास रोखून धरायची. उगाच काहीतरी ऐकायला नको. नवे ब्रेक आले, गार हवेचे यंत्र आले. प्रत्येक वस्तू आली की मला वाटे, ही बसवायला आता माझे काय काढणार? इंजिन काढले नाही. पण त्याच्याकडे सगळेच फार प्रेमाने बघत होते आणि तेच मला खटकत होते.

रंगावरून मात्र जुंपली. बाळारामला बॉनेटवर ज्वाळा हव्या होत्या.

“ज्वाळा नकोत,” चित्राताई म्हणाल्या. “गडद हिरवा. साधा.”

“वयनी, निदान एक पट्टो तरी मारूक द्या!”

“एकही नाही. वरातीची गाडी आहे का ही?”

मी हिरवी झाले. खरे सांगते, शोभून दिसत होते. शेवटी दम्मामहून तपकिरी चामड्याच्या नव्या सीट आल्या, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. बाळारामने प्लॅस्टिक फाडायला ब्लेड काढले.

“खबरदार!” चित्राताई ओरडल्या. “नवेपणा जाईल!”

झाले. माझा संशय पक्का झाला. खाली नक्की शेळीनेच खाल्लेली सीट असणार.

ऑगस्टच्या भर दुपारी अल खफजीहून अबू फहद मला विकत घ्यायच्या विचाराने आले. अंगात पांढराशुभ्र पायघोळ थोब आणि पांढरी दाढी. त्यांनी मला चालवले आणि मी जीव तोडून धावले. ब्रेक दाबून पाहिले, इंजिन ऐकले. “माशाल्ला,” ते कौतुकाने म्हणाले. मला रडू आले. बाळारामला वाटले रेडिएटर गळतोय.

मग ते उतरायला गेले आणि उतरेनात. घामाने थोब प्लॅस्टिकला घट्ट चिकटला होता. बाळारामने खांदे धरून ओढले. फर्रर्र असा आवाज झाला. मोठ्या माणसाचा असा आवाज होऊ नये.

“नीचे क्या छुपाया है?” अबू फहद हिंदीत म्हणाले.

“कुछ नहीं! एकदम नया है!” हरिहरराव म्हणाले.

“नया है तो दिखाओ.”

“खरीदोगे, फिर दिखेगा,” चित्राताई म्हणाल्या. “हमारा सोफा अठारा साल से प्लॅस्टिक में है. आज भी नया है!”

अबू फहदनी थोब झटकला. “गुरुवार को आखिरी बार आऊँगा,” म्हणाले आणि गेले.

तेव्हा माझा संशय फिटला, मित्रांनो. ही माणसे लबाड नव्हती. ती मनापासून प्लॅस्टिक जपत होती. आता मला खरी भीती वाटू लागली.

आज बुधवार आहे. हरिहररावांच्या सामानाची खोकी बांधून झाली आहेत. बाळाराम ब्लेड खिशात ठेवून माझ्याभोवती घुटमळतो आणि चित्राताई बाळारामभोवती. मला जुन्या वस्तूंची कदर, माणसामाणसातला विश्वास, यावर पुष्कळ सांगायचे होते. ते राहू द्या. तुमच्यापैकी कोणी उद्या सकाळपर्यंत इकडे येणार असेल, तर पुढच्या सीटवरचे तेवढे प्लॅस्टिक काढा. मागच्याचे राहिले तरी चालेल.