मागच्या कप्प्यातलं कार्ड

खोडरबर घासून घासून कार्डाचा तेवढा भाग मऊ पडला होता, थोडा पिंजलाही होता, पण अक्षरं होतीच— शाईची अक्षरं रबरानं जात नाहीत हे तिला काय कळत नव्हतं? पण तीन दिवस हाताला चैन नाही, मशीनपाशी बसलं की कार्ड एप्रनच्या खिशातून बाहेर येतं आणि रबर चालू होतं... ‘प्रभूमध्ये निजले.’ खाली शनिवारची तारीख. अक्षर तिचंच, वळणदार, चर्चच्या मंडळीनं नऊ वर्षं कौतुक केलेलं. समोर कुणाच्या तरी कोटाची बाही अर्धी उसवून पडली होती आणि कोटवाला दुपारी येणार होता. तिनं कार्ड खिशात टाकलं आणि कात्री उचलली.

उसवायचं काम तिला आवडतं. जुने कपडे ढिले करणं, घट्ट करणं, बाह्या तोकड्या करणं— दुकानात दिवसभर हेच. एक टाका तुटला की पुढचे आपोआप सुटतात, डोकं मोकळं राहतं. नेमकं तेच आज नको होतं.

देवळात, म्हणजे चर्चमध्येच, एक पत्र्याचा डबा आहे. त्याचे दोन कप्पे. पुढच्या कप्प्यात आजाऱ्यांची कार्डं, एकेका नावाचं एकेक. मागच्यात जे प्रभूमध्ये निजले त्यांची, म्हणजे त्यांच्या घरच्यांच्या सांत्वनासाठी मंडळीनं महिनाभर प्रार्थना करायची. डबा तिच्या ताब्यात. शनिवारी संध्याकाळी ती तो घेऊन बसते, नवी कार्डं लिहिते, बरे झाले त्यांची काढते, गेले त्यांची मागे सरकवते. आणि या रविवारी मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी मागायच्या, प्रार्थनेची पाळीही तिचीच होती. आजाऱ्यांची अकरा कार्डं वाचून झाली, मग तिनं मागच्या कप्प्यातलं पहिलं कार्ड उचललं, डोळे मिटले, आणि सुतारकाकांना देवाघरी पोचवून टाकलं.

आणि किती छान पोचवलं! ज्या हातांनी या देवळाची दारं घडवली ते हात आता तुझ्या हाती आहेत, असं म्हणाली. चौदा महिन्यांच्या दुखण्यात कुरकुर केली नाही, असं म्हणाली. त्यांच्या थट्टेवाचून आमचे बुधवार ओकेबोके होतील म्हणाली आणि तिथं तिचा गळाच दाटला, खरोखरच दाटला, पुढच्या बाकावरच्या दोघींनी रुमाल काढले... आणि मग चौथ्या बाकावरून सुतारकाकांच्या सुनेचा आवाज, ओशाळलेला, जणू चूक तिचीच: “अहो ताई... आहेत ते. सकाळी दोनदा चहा घेतला.”

मंडळी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

चर्चचे पाळक मोठ्या मनाचे. उपासना संपल्यावर तिला बाजूला घेऊन म्हणाले, “कार्डं एकमेकांना चिकटतात हो. मागं सरकलं असेल. मनाला लावून घेऊ नका.” तिनं मान हलवली. खोटं बोलली ती एवढंच— मान हलवून. कार्ड तेव्हा तिच्या मुठीत होतं, अक्षरांची बाजू आत. “आणि बुधवारी काकांपाशी बसायचं म्हणाल,” पाळक पुढं म्हणाले, “तर आपल्या निवृत्त शिक्षिकाबाई जायला तयार आहेत. तुम्ही तरी किती करणार? चौदा महिने झाले.” ती म्हणाली, “या बुधवारी मीच जाते. मग सांगते तुम्हाला.” आज तो बुधवार होता.

बाही मोकळी झाली. अस्तर वेगळं करताना तिनं एक टाचणी तोंडात धरली, आणि दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, “गिळशील एक दिवस.” तिनं टाचणी काढली.

काका गेले असं कुणी सांगितलं होतं मला, ती मनात म्हणाली. कुणी नाही. गेल्या बुधवारी काका चार ते सहा झोपलेलेच होते, तोंड उघडं, श्वास थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा, आणि प्रत्येक वेळी थांबला की मी हातातलं विणकाम थांबवायची. पुन्हा सुरू झाला की पुन्हा सुया हलवायची. शनिवारी त्यांचं कार्ड हातात आलं आणि मी पेन घेऊन लिहिलं. शंका आली नाही. फोन करून सुनेला विचारावं असं वाटलं नाही. बाहेर पडताना खोलीतला दिवा घालवावा इतक्या सहज लिहिलं, आणि नंतर भांडी घासताना मी चक्क गुणगुणत होते. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. माझ्या मनातलं थेट व्यासपीठावरून दिसलं, भरल्या मंडळीत, माइकवर.

पण तेही एक वेळ सोडून देता आलं असतं. माणूस थकतो, देवाला ते ठाऊक असतं. तिला खुपत होतं ते दुसरंच. चौदा महिने दर बुधवारी, सहाला पाच कमी असताना, ती काकांचा हात धरून प्रार्थना करायची: हे दयाळू पित्या, तुझ्या सेवकाला आरोग्य दे, सामर्थ्य दे, तुझी इच्छा पूर्ण होवो, आमेन. दर वेळी तेच. वाळलेलं. बोलताना एक डोळा, मिटलेला असला तरी, घड्याळावर. आणि रविवारी तीच जीभ कशी वाहिली! मेलेल्या सुतारकाकांवर तिचं मनापासून प्रेम होतं. जिवंत सुतारकाकांवर नव्हतं.

दुपारी तिनं जेवणाचा डबा उघडला, डोळे मिटले, या अन्नाबद्दल तुझे उपकार मानते... आणि मालकीणबाई हातातला घास थांबवून नेहमीसारख्या तिचं आमेन होईपर्यंत वाट बघत बसल्या. त्या कुठल्याच देवाच्या वाटेला जात नाहीत, पण तिच्यासाठी घास थांबवतात, अकरा वर्षं. आज तिला त्याची लाज वाटली. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

सुरुवात तिनंच केली होती. पाळकांनी विचारलं होतं, बुधवारचे दोन तास कोण देईल, सुनेला बाहेरची कामं करता येतील. काकांचे सहाच आठवडे उरलेत, असं डॉक्टर म्हणताहेत. तिनं हात वर केला. तेव्हा मनात माया होती, खोटं का बोला— सहा आठवडे पुरेल एवढी होती. पुढं तीच पुरवून पुरवून वापरत आली. कमी कापडात बसवायचं तर कुठंतरी ताणलं जाणारच, हे तिला धंद्यामुळे ठाऊक होतं, पण बुधवारच्या बाबतीत लक्षात आलं नाही.

कोटवाला येऊन गेला. साडेतीनला तिनं एप्रन काढला, कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि निघाली. वाटेत वाक्य तयार केलं: काका, कार्ड चुकून मागं सरकलं, मला क्षमा करा. छोटं, नीटनेटकं वाक्य. पाळकांनीच बेतून दिलेलं, तिनं फक्त अंगावर चढवायचं होतं. जिना चढेपर्यंत ते पाठही झालं.

सुनेनं दार उघडलं, पायात बाहेरच्या चपला होत्याच. “या ताई. वाटच बघताहेत. सकाळपासून माझं डोकं खाल्लंय.” मग दंडाला हलकेच हात लावून, “तुम्ही काही मनात आणू नका हं,” आणि खाली उतरून गेली. सगळे इतके चांगले होते की पळून जावंसं वाटत होतं.

काका उशांना टेकून बसवलेले होते. दाढी केलेली. “ये, ये. घाबरू नकोस, भूत नाही.” स्वतःच्याच विनोदावर हसले, मग खोकले, मग बराच वेळ खोकले. तिनं पाणी दिलं. “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना? माझी मेल्यावरसुद्धा गेली नाही. आज दोनदा भांडलो सुनेशी.”

“काका, ते कार्ड चुकून—”

“कार्ड राहू दे. काय काय म्हणालीस ते सांग. सून म्हणते, छान म्हणाल्या. छान म्हणजे काय? माणसाच्या मागं लोक काय बोलले ते त्याला कधी कळत नाही. मला कळायची सोय झालीय तर सांग ना.”

ती खुर्चीत बसली. सांगू लागली, आधी अडखळत, मग ओळीनं. डोळे जमिनीवर.

“थांब,” काका म्हणाले. “दारं माझी नाहीत. दारं माझ्या थोरल्या भावानं केली. मी व्यासपीठाच्या पायऱ्या केल्या, आणि त्यातली दुसरी हलते. पुढं?”

“कधी कुरकुर केली नाही.”

“हे कुणी सांगितलं तुला? सुनेला विचार.” पण ते खूश दिसत होते, गाल वर आले होते. “रडलीस म्हणे.”

“हो.”

“मी मेलो म्हणून?”

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. एक अक्षर. तिनं पर्स उघडली, मग बंद केली. दाखवण्यात काही अर्थ नव्हता, त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं. “काका, कार्ड सरकलं नव्हतं,” ती म्हणाली. “मीच लिहिलं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी विचारलंसुद्धा नाही कुणाला.”

काकांनी तिच्याकडं पाहिलं. मग छताकडं. “लिहिल्यावर काय वाटलं?”

“सुटल्यासारखं.”

बाहेर कुणीतरी फर्निचर ओढत होतं, जिन्यावर पाय वाजत होते. काकांचा अंगठा चादरीच्या काठावरून पुढं-मागं फिरत राहिला. त्यांना लागलं होतं. तिला ते स्पष्ट दिसत होतं, आणि आपण केलं ते बरं की वाईट हे कळत नव्हतं. खरं बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात, तसं काही होत नव्हतं.

“मलाही कंटाळा येतो ग,” अखेर ते म्हणाले. “पण मी जाऊ कुठं? तुझं बरं आहे. सहा वाजता जातेस.”

“पाळकसाहेब म्हणतात, पुढच्या बुधवारपासून शिक्षिकाबाई येतील.”

“येऊ दे. त्याही आरोग्यच मागतील.”

“मग काय मागायचं?” हे तिनं विचारलं, आणि विचारता विचारता तिच्या लक्षात आलं की चौदा महिन्यांत हा प्रश्न आपण एकदाही विचारला नाही... एकदाही.

“मला आरोग्य नकोय. ह्या वयात काय करू घेऊन? तरी दर बुधवारी आमेन म्हणतो. तू कामावरून दमून आलेली असतेस, तुझा कशाला हिरमोड करायचा.” त्यांनी हात चादरीवर उताणा ठेवला, ती धरायची तसाच. “तर गेले चौदा महिने तूही खोटं बोलतेस आणि मीही. आता असं कर. आज माझ्यासाठी काही मागू नकोस. तुझं सांग त्याला. कंटाळलीस ते सांग, इथं, माझ्यासमोर. आमेन मी म्हणतो. आज मनापासून म्हणीन.”

“तुमच्यासमोर कसं...”

“मग काय माझ्यामागं? ते केलंस की रविवारी.”

तिनं हात धरला. कोरडा, हलका हात, आत हाडं मोजता येतील असा. डोळे मिटले. हे दयाळू पित्या— हे आलं, आपोआप, आणि त्याच्या पाठोपाठ तुझ्या सेवकाला हेही ओठांवर आलं. तिनं ते तिथंच थोपवलं. पुढं काही नव्हतं. नऊ वर्षं मंडळी तिच्या प्रार्थनांची वाखाणणी करत होती आणि पुढं काही नव्हतं.

“मी थकले आहे,” ती म्हणाली. आवाज भलताच साधा आला, दुकानात दोरा संपला म्हणून सांगावं तसा. “या माणसाला मी कंटाळले. हा कधी जाईल याची मी वाट बघते. बुधवार उजाडला की मला...” काकांची बोटं तिच्या हातात किंचित आवळली, तिला वाटलं आता हात काढून घेतील. घेतला नाही.

प्रार्थना चालू असताना डोळे उघडायचे नसतात, लहानपणापासून तिनं कधी उघडले नव्हते. आज उघडले. काकांचे डोळे घट्ट मिटलेले होते, कपाळावर आठ्या, ओठ हलत होते. या माणसाला स्वतःच्या बळावर कूस बदलता येत नव्हती, आणि तो होती नव्हती ती सगळी ताकद लावून तिच्यासाठी काहीतरी मागत होता— काय, ते ऐकू येत नव्हतं. तिच्या मनात राग होता, लाज होती, पुढच्या बुधवारी आपण येऊ की नाही हे तिला अजूनही सांगता आलं नसतं. पण घड्याळ कुठल्या भिंतीवर आहे हे या घटकेला तिला आठवत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, ते रविवारचं नव्हतं, ते कुणासाठी होतं हे तिनं ठरवलं नव्हतं.

“अजून आहे?” काकांनी डोळे न उघडता विचारलं. “की आमेन म्हणू?”

“थांबा, आहे,” ती म्हणाली, आणि डोळे मिटून, काय आहे ते आपल्यालाच आधी कळावं म्हणून गप्प राहिली.