सव्वीस हजार पावलं

थोरल्याला बातम्या वाचायचा नाद होता आणि धाकट्याला थोरल्याचा हेवा करायचा. दोघंही आपापल्या नादात पक्के होते.

थोरला विमा कचेरीत अधिकारी, धाकटा पोस्टमन. घर एकच. वर थोरला आणि वहिनी, खाली धाकटा, त्याची बायको आणि आई. जेवण मात्र सगळ्यांचं खालच्या टेबलावर. फ्रिजच्या दारावर थोरला रोज एक कात्रण लावायचा. मागे कधीतरी अंडी हृदयाला वाईट असल्याची बातमी आली आणि घरातली अंडी बंद झाली. पाच महिन्यांनी अंडी चांगली असल्याची बातमी आली आणि ती परत सुरू झाली. मधल्या काळात कोंबडीनं काही बदल केल्याचं ऐकिवात नव्हतं, पण हे धाकटा मनातच म्हणाला. मोठ्यानं म्हटलं असतं तर आईनं विचारलं असतं, "तू वाचतोस का काही?"

एकदा झाडांमुळे रस्ते किती थंड राहतात, यावर कात्रण आलं. थोरल्यानं ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि आई भक्तिभावानं ऐकत राहिली. धाकट्याचा तिळपापड झाला. कुठल्या गल्लीत किती वाजता सावली असते, हे त्याच्या तळपायांना पाठ होतं. रुंदीकरणात वरच्या रस्त्याची झाडं गेली, तेव्हापासून तो ती बाजू सकाळीच उरकायचा आणि दुपारसाठी जुन्या झाडांची गल्ली राखून ठेवायचा. पण पिकतं तिथं विकत नाही. घरातल्या कुणी त्याला कधी विचारलं नव्हतं की, बाबा रे, आज ऊन कसं होतं?

त्यात थोरल्याच्या कचेरीनं पावलांची स्पर्धा काढली. बसून काम करणाऱ्यांचं आरोग्य सुधारावं म्हणून प्रत्येकाला मनगटावर बांधायचं घड्याळ दिलं. ते पावलं मोजायचं, नाडी मोजायचं आणि सगळं फोनवर लिहून ठेवायचं. महिन्याच्या शेवटी जो पहिला येईल, त्याचा मोठा फोटो कचेरीच्या दारात लागणार होता.

पहिल्याच संध्याकाळी थोरल्यानं टेबलावर जाहीर केलं, "आठ हजार चारशे!"

वहिनीनं टाळी वाजवली. आईनं वाजवली. आणि हे तर धाकट्याला फारच लागलं, त्याच्या स्वतःच्या बायकोनंही वाजवली.

सत्तावीस वर्षं तो त्याच चढाच्या वस्तीत टपाल वाटत होता. रोज सकाळी पोस्टातल्या भिंतीच्या खणांतून पत्रं काढून घरांच्या क्रमानं लावायची, गल्लीवार रबर चढवायचं, पिशवी खांद्याला लावून निघायचं. वाटेत एक चार मजली इमारत होती, तिला लिफ्ट नव्हती, आणि सहीची पत्रं नेमकी तिथल्याच लोकांना यायची. सहीच्या पत्राचा नियम कडक. ज्याचं नाव, त्याच्याच हातात. शेजाऱ्याच्या नाही, दारात भेटलेल्या पाहुण्याच्या तर नाहीच. सत्तावीस वर्षांत त्याच्या हातून एक पत्र चुकीच्या हाती गेलं नव्हतं. एवढं चालून घरी आलं की आई न चुकता एकच वाक्य म्हणायची.

"आधी ते बूट बाहेर काढ."

स्पर्धेच्या शेवटच्या आठवड्यात थोरल्याच्या कचेरीत हिशेबांची तपासणी लागली. त्याला खुर्चीतून हलता येईना आणि त्याचा नंबर घसरून चौथा झाला. सोमवारी सकाळी त्यानं धाकट्याला जिन्याखाली गाठलं.

"एक काम कर ना. पाच दिवस हे तू घाल. सकाळी घेऊन जा, संध्याकाळी मला दे."

"लबाडी आहे ती, दादा."

"लबाडी कसली? एका घरातलीच पावलं. आणि तू काय, चालतोसच."

तू काय, चालतोसच! धाकट्याला वाटलं, घड्याळ त्याच्याच अंगावर भिरकावावं. पण हात पुढे गेला तो घ्यायलाच. आपला आकडा किती येतो, ते त्याला एकदा बघायचंच होतं.

आकडा आला सव्वीस हजार. संध्याकाळी जिन्याखाली घड्याळ परत घेताना थोरल्याचे डोळे विस्फारले. "रोज एवढं चालतोस?" असं तो म्हणेल म्हणून धाकटा थांबला. थोरला म्हणाला, "पहिला येणार मी!"

टेबलावर तर कहरच झाला. थोरल्यानं आकडा सांगितला, बायकांनी टाळ्या पिटल्या आणि आई धाकट्याकडे वळून म्हणाली, "बघ, कचेरी सांभाळून चालतो तो. शीक काहीतरी."

धाकट्याचा घास तोंडातच राहिला. याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा. पाय माझे, पोटऱ्या माझ्या, आणि कौतुक मात्र याच्या ताटात. बोलावं तर थोरल्याचं बिंग फुटतं आणि न बोलावं तर पोट फुटतं. त्यानं घास गिळला. मंगळवारी आणि बुधवारी तो मुद्दाम जास्त चालला, जणू आकडा वाढला तर कधीतरी तो आपल्या नावावर पडणार होता.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं घड्याळ दिलं आणि तो पायरीवर बसून बुटांच्या नाड्यांना हात घालणार, एवढ्यात आतून वहिनीची किंकाळी आली. तो तसाच बुटांनिशी आत धावला.

थोरला सोफ्यावर पांढराफटक पडला होता. हातात फोन. घड्याळ मनगटावर बांधून दोन मिनिटंही झाली नव्हती, तोच त्यातली दिवसभराची नोंद फोनवर उतरली होती आणि निरोप आला होता. तुमच्या हृदयाचे ठोके अनियमित आढळले आहेत, लवकर डॉक्टरांना भेटा.

आता ज्यानं दहा वर्षं आरोग्याची कात्रणं लावली, त्याला असा निरोप वाचून काय होणार? थोरल्याच्या छातीत लगेच धडधडायला लागलं, हाताला मुंग्या आल्या, कपाळ ओलं झालं. घड्याळ दिवसभर कुणाच्या हातात होतं, हे भीतीपुढे त्याला आठवलंच नाही.

आणि मग घर उलथलं. वहिनीनं डॉक्टरांना फोन लावून उद्याचा पहिला नंबर घेतला. धाकट्याच्या बायकोनं सुपाचा वाडगा भरून आणला. आई थोरल्याच्या उशाशी बसून त्याच्या केसांतून हात फिरवू लागली. "किती राबतो माझा बाळ," ती पुटपुटत होती. धाकटा दारातच उभा होता. खरं तर त्याला काळजी वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण आईचा तो हात बघून काळजीच्या आधी हेवाच वर आला. आजारी पडावं तर यानंच. एवढ्या माणसांनी धावावं, असं दुखणंसुद्धा यालाच!

"किती वाजता आढळले म्हणतंय?" त्यानं विचारलं. कागद हातात आला की तारखेचा शिक्का आधी बघायचा, ही धंद्याची सवय.

वहिनीनं फोन डोळ्यांजवळ नेला. "अकरा चाळीस. मग बारा दहा. कालचंही आहे एक."

अकरा चाळीस. धाकट्याला ती पायरी दिसली. चार मजली इमारत, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधलं वळण. हातात सहीचं पत्र. छातीत काहीतरी पाखरासारखं फडफडलं होतं आणि तो दम खायला पायरीवर टेकला होता. काल टेकला होता, परवाही टेकला होता.

त्यानं थोरल्याकडे बघितलं. अकरा चाळीसला आपण तपासणीवाल्यांसमोर खुर्चीत बसलो होतो, हे थोरल्याच्याही ध्यानात आलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, अगदी स्वच्छ सुटका. मग त्याची नजर धाकट्याच्या मोकळ्या मनगटावर गेली आणि तो चेहरा उतरला. त्यानं तोंड उघडलं. आईकडे बघितलं. पुन्हा मिटलं.

त्या मिटलेल्या तोंडानं धाकट्याचं डोकं फिरलं.

"बोल ना! आता का गप्प?" तो ओरडला. "पावलं माझी, टाळ्या तुला, ते मी गिळलं. आता दुखणंही तुझ्याच नावावर लावून घेतोस? हे नाही देणार मी, दादा. हे माझं आहे!"

दुखण्यावर एवढ्या हिरीरीनं हक्क सांगणारा माणूस त्या घरानं पहिल्यांदाच बघितला होता.

"काय बोलताय भाऊजी?" वहिनी म्हणाली.

थोरला उठून बसला. "खरं बोलतोय तो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सोमवारपासून घड्याळ त्याच्या हातात होतं. मी फक्त संध्याकाळी घालत होतो."

आईचा हात हवेतच राहिला. वहिनीनं नवऱ्याकडे असं बघितलं, की त्या नजरेचा हिशेब नंतर वर जाऊन होणार, हे सगळ्यांना कळलं. पण आधी तिनं फोन उचलला. "डॉक्टर, मघाशी नंबर घेतला ना, तोच राहू द्या," ती म्हणाली. "फक्त नाव बदला." पलीकडून बरंच सांगणं झालं. "आडवं पडून राहायचं, जिने चढायचे नाहीत," तिनं ऐकत ऐकत सगळ्यांना सांगितलं. "त्रास वाढला तर थांबायचं नाही, रात्रीच घेऊन यायचं. आधी कळलं ते बरं झालं, म्हणतायत."

धाकट्याची बायको त्याच्याजवळ आली. तिनं हाताला धरून त्याला खुर्चीत बसवलं.

"जिन्यात थांबावं लागतं तुम्हाला?"

"दुसऱ्या मजल्यानंतर."

"कधीपासून?"

"झाले तीनेक महिने."

"मग सांगितलं का नाहीत?"

याचं उत्तर त्याच्याकडे सत्तावीस वर्षं तयार होतं. विचारलंत कधी? ते जिभेच्या टोकावर आलंही. पण तिचे डोळे भरले होते आणि त्याला ते म्हणवेना.

"चालतोच आहे, म्हटलं," तो म्हणाला.

थोरला समोर आला. त्यानं घड्याळ काढून धाकट्याच्या मनगटावर बांधायला घेतलं, पण घाईत पट्ट्याचं भोक सापडेना.

"तुझी स्पर्धा?" धाकट्यानं विचारलं.

"गेली खड्ड्यात. उद्या सकाळी मीच नेतो तुला."

सुपाचा वाडगा धाकट्यापुढे आला. उशी आली, पांघरूण आलं. जे जे म्हणून त्यानं आयुष्यभर थोरल्याच्या पुढ्यात बघितलं होतं, ते सगळं एकदम त्याच्याकडे चालत आलं. आणि आता हे सगळं कुणीतरी परत न्यावं, असं त्याला वाटलं. त्याला भीती वाटत होती. सोफ्याशी उभा असलेला थोरला त्याच्याकडे बघत होता आणि त्या नजरेत हेव्याचा लवलेशही नव्हता.

आई सावकाश उठून त्याच्याकडे येत होती. तिची नजर खाली त्याच्या पायांकडे गेली. धाकट्याला एकदम आठवलं, आपण बुटांनिशीच आत आलोय. सवयीनं तो घाईघाईत वाकला.

"थांब, तू नको वाकूस," आई म्हणाली.

अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई टेबलाचा आधार घेत खाली बसली आणि तिनं त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. बुटाचा तळ टाचेशी पार झिजला होता. तिनं त्यावरून अंगठा फिरवला, मग नाडी सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती. तिला बराच वेळ लागला.